पंधरा दिवस हात न लावता

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ तिथेच आहे. वरोरच्या किनाऱ्यावर आमचं घर. वडिलांची छोटी होडी, आई मासे सुकवणारी आणि विकणारी. अभ्यास कसा करायचा हे सांगणारं घरात कोणी नव्हतं, त्यामुळे मी माझी पद्धत मीच काढली. एक उत्तर वीस वेळा लिहायचं. विसाव्यांदा हात दुखायला लागला की समजायचं, आता बसलं डोक्यात. या पद्धतीने बी.ए. झालो, बी.एड. झालो, तलासरीजवळच्या एका शाळेत मास्तर झालो. जी पद्धत वापरून माणूस इथवर येतो ती पद्धत चुकीची असेल असं त्याच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

गिटार शिकायला लागलो तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. डहाणू रोडला स्टेशनजवळ एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर एक गुजराती गृहस्थ शिकवतात. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मराठी छान बोलतात, पण चिडले की गुजरातीत जातात. त्यांचा माझ्यावर पहिल्या महिन्यापासून एकच राग होता, की मी थांबत नाही.

"वीस मिनिटं झाली, मूकी दे," म्हणायचे. "ठेव खाली. चहा पी. खिडकीतून बघ जरा."

"सर, चहा नंतर घेतो. अजून एकदा करतो."

"तू शंभर वेळा करशील आणि शंभर वेळा तेच चुकीचं करशील. हाताला उसंत दे."

मला वाटायचं, म्हातारा कंटाळला. आमच्याकडे उसंत हा शब्द आजारी माणसाबद्दल वापरतात. मी खोलीवर जाऊन पुन्हा दोन तास वाजवायचो. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावून वाजवायचो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक धरताना बोटं ठसठसली की मला बरं वाटायचं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमचे पेटी वाजवणारे सर बदलून गेले होते. ऑगस्टमध्ये बोर्डीला देशभक्तिपर समूहगीतांची स्पर्धा असते. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सभेत विचारलं, "यंदा साथीला कोण?" सगळे खाली बघायला लागले. मी म्हणालो, "मी गिटार वाजवतो."

"येते ना पण नक्की?"

"येते, बाई."

एकच वर्ष झालं होतं मला शिकायला लागून. पण 'थोडी थोडी येते' असं म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

आठ मुली निवडल्या. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या, कोणाचे आईवडील मजुरीला जाणारे, कोणाची थोडी भातशेती. त्यातल्या तिघी आठवीत होत्या. आमची शाळा आठवीपर्यंतच आहे, त्यामुळे त्यांना ही एकच संधी होती. पहिल्या तीन शाळांच्या मुली पुढे पालघरला जाणार होत्या, तिथे मोठं स्टेज, माईक, सगळं. आठवीतली सगळ्यात उंच मुलगी मधोमध उभी राहायची आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ठेका धरायची. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "सर, पालघरला गेलो तर तिथं राहायला लागंल का?" मी म्हणालो, आधी जिंकूया. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी घरून विचारून आली की रात्री राहायला परवानगी आहे.

गाणं चांगलं बसलं होतं, एक जागा सोडून. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीनंतर लगेच बी मायनर हा कॉर्ड येतो. त्यात पहिलं बोट आडवं टाकून जवळजवळ सगळ्या तारा एकाच वेळी दाबाव्या लागतात आणि बाकीची तीन बोटं वेगळ्या जागी. माझा हात तिथे अर्धी मात्रा उशिरा पोचायचा. नेहमी अर्धीच. डहाणूचे सर म्हणाले, सूर बदल, सोप्या पट्टीत घे. मी म्हणालो, मुलींचे आवाज या पट्टीत बसलेत. खरं तर मला वाटत होतं, सोपी वाट घ्यायची म्हणजे हरायचं.

मग मी ती जागा रगडायला घेतली. सकाळी शाळेआधी एक तास, संध्याकाळी तीन. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत एक तार ओढल्यासारखी दुखायला लागली. फळ्यावर लिहायचा हात उजवा म्हणून बरं, डाव्या हाताने पाण्याची बाटलीसुद्धा उघडेना. आणि कॉर्ड आता अर्ध्याच्या जागी पाऊण मात्रा उशिरा येऊ लागला.

त्या शनिवारी डहाणूला सरांनी माझा हात हातात घेतला, मनगट दाबलं. मी ओरडलो.

"स्पर्धा कधी?"

"तीन आठवड्यांनी."

"पंधरा दिवस हात लावायचा नाही."

"सर, तीन आठवडे राहिलेत आणि पंधरा दिवस..."

"म्हणूनच सांगतो. आता सोडलंस तर वाजवशील. नाही सोडलंस तर स्पर्धेला मुलींबरोबर टाळ्या वाजव." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "खोलीवर ठेवू नको. लांब ठेव. तुझा मला भरवसा नाही."

निघण्याआधी मी एक हुशारी केली. मुलींचा सराव बुडू नये म्हणून पूर्ण गाण्याची साथ फोनवर रेकॉर्ड करून घेतली. चार वेळा केली. सर तेवढ्यात खाली चहाला गेले होते, त्यांना वाटलं मी आवराआवर करतोय. चौथी सगळ्यात बरी होती, त्यात बी मायनर फक्त अर्धी मात्रा उशिरा होता. ती ठेवली.

रविवारी गिटार वरोरला नेऊन ठेवली. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या वर काढलेल्या. वडील झावळ्यांच्या छपराखाली होडी घासत बसले होते. त्यांना म्हटलं, "बाबा, ही पंधरा दिवस इथे राहील. मला हात लावायचा नाही असं सांगितलंय."

"आजारी आहे का?"

"कोण?"

"हीच." गिटारकडे बोट.

"नाही हो. माझा हात."

"मग ती का नाही तुझ्याबरोबर?" एवढं म्हणून त्यांनी गिटार उचलली, वजन बघितलं, मागून पुढून फिरवली. "लाकूड हलकं आहे," म्हणाले.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगायला मला लाज वाटते. बी.एड.च्या परीक्षेतही मी एवढा अस्वस्थ नव्हतो. पहिले तीन दिवस सुट्टीवर असल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवसापासून बोटं आपली आपण हलायला लागली. तलासरीला जाताना शेअरच्या इको गाडीत पुढच्या सीटच्या दांड्यावर माझं पहिलं बोट आडवं पडलेलं असायचं. शेजारची बाई एकदा म्हणाली, "भाऊ, दांडा तुटंल." स्टाफरूममध्ये वहीच्या कडेवर. जेवताना ताटाच्या काठावर. मी हात मांडीखाली घेऊन बसायचो, वर्गातल्या मुलाला शिक्षा करावी तसा. सगळ्यात वाईट म्हणजे, काही करत नसताना आपण मागे पडतोय हे मला शरीरात जाणवायचं. मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेला माणूस, की अडलं की जोर लाव. आता जोर लावायलाच बंदी, आणि तिकडे दिवस जात होते.

मुलींचा सराव मात्र झकास चालला होता. दुपारच्या सुट्टीत बाईंचा छोटा स्पीकर लावायचा, फोनवरची साथ लावायची, मुली गायच्या. मी बाजूला खुर्चीवर. एकदम जमलेलं वाटायचं, कुठे खटकायचं नाही. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, तुम्ही नसलात तरी चालेल की." सगळ्या मुली हसल्या. मीही हसलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं की का खटकत नाही. नाही कळलं.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी घरी गेलो. मनगटाचं दुखणं पार गेलं होतं. अंगणातच वास आला. घरात आमच्या मासळीचा वास असतोच, पण हा वेगळा, जड, होडीचा. गिटार ओटीवर भिंतीला टेकवलेली. काळीभोर, चकचकीत. खाली मांजर बसलेलं आणि ते गिटारच्या कडेला चाटत होतं.

वडील कौतुकाने उभे राहिले. "बघ."

होडी पाण्यात घालायच्या आधी तिला माशाचं तेल लावतात. पडून राहिलेलं लाकूड उन्हावाऱ्याने फुटतं, तेल प्यायलं की वर्षभर टिकतं. वडिलांनी ते गेली चाळीस वर्षं केलंय. होडीला लावून तेल उरलं होतं. त्यांनी ते फडक्याने गिटारला लावलं. एक हात नाही, तीन हात, मध्ये सुकू देऊन. पुढून, मागून, मानेवर, तारांवर. भोकातून आतूनही.

"आतून लावायला त्रास झाला," ते म्हणाले. "हात जात नव्हता. मग काठीला फडकं बांधलं."

मी तार छेडली. भिजल्या दोरीवर टिचकी मारावी तसा आवाज. दुसरी छेडली. तसाच.

"बाबा, अहो, याला तेल लावत नाहीत."

"लाकूड ना ते?"

"लाकूडच."

"पंधरा दिवस पडून राहणार होतं ना?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला जागा नव्हती. आई आतून म्हणाली, "अख्खा दिवस घालवला रे तुझ्या बाबांनी त्याच्यावर. होडीसुद्धा एवढी घासली नाही. जेवून घे आधी." वडिलांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "बिघडली का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही, होईल नीट." मग आम्ही तिघं जेवायला बसलो, आणि कोणी गिटारकडे बघितलं नाही. मांजर बघत होतं.

रविवारी सकाळी ती पोत्यात गुंडाळून डहाणूला नेली. वाणगावला स्टेशनवर दोन माणसं माझ्यापासून लांब सरकली. सरांनी पोतं सोडलं, नाक धरलं, आणि मग जिन्यावर बसून इतके हसले की खालचा हार्डवेअरवाला वर बघायला आला.

"हसा," मी म्हणालो. "सहा दिवस राहिलेत."

"तारा नव्या लागतील, वापीहून मागवतो. बाकी स्पिरिटने पुसून, वाळवून... शुक्रवारपर्यंत देतो. माझी देता येणार नाही, एकच आहे, पाच पोरं शिकतात तिच्यावर." डोळे पुसत त्यांनी त्यांची गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "हे घे. वाजव. पंधरा दिवस झाले ना?"

मी घाबरत गाणं सुरू केलं. मुखडा गेला. अंतरा आला. दुसरी ओळ संपली आणि माझं बोट तारांवर होतं. मी ते टाकलं नव्हतं, ते जाऊन बसलं होतं. बी मायनर स्वच्छ वाजला, सगळ्या तारा, बरोबर समेवर. मी थांबलो. पुन्हा वाजवला. पुन्हा वेळेवर. दहा वेळा वाजवणार होतो, सरांनी तिसऱ्या वेळी गिटारची मान धरली.

"मूकी दे."

या वेळी मी ठेवली. चहा घेतला. खिडकीतून खाली बघितलं, एक माणूस स्कूटरवर पत्रे बांधत होता. इतका आनंद मला पदवीच्या निकालाच्या दिवशी झाला होता. पण त्यात एक बोचणी होती, ती आजही आहे. पदवी मी मिळवली होती. हे मी काही केल्याने झालं नव्हतं, उलट काही न केल्याने झालं होतं. मग हे माझं कसं? सरांना विचारलं तर म्हणाले, "वर्षभर बी रोज उकरून बघत होतास उगवलं का ते. आता उगवलं तर विचारतोस कोणी उगवलं."

गुरुवार-शुक्रवार पावसामुळे जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना सुट्टी दिली. शुक्रवारी संध्याकाळी भिजत डहाणूला जाऊन गिटार आणली. आवाज थोडा दबका, पण आवाज होता. वास थोडा कमी, पण होता. शनिवारी सकाळी आठ मुली, मोठ्या बाई आणि मी बोर्डीला निघालो. इकोमध्ये मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या आणि एकमेकींना कोपरं मारत खिदळत होत्या. "सर, गिटारमंदी बोंबील ठेवलेत का?" मी म्हणालो, "बक्षीस मिळालं तर देतो." मला सगळं सोपं वाटत होतं. इतकं की मी मुलींना अभिमानाने सांगितलं, "आज ऐका मी कसा वाजवतो ते."

हॉलबाहेर व्हरांड्यात सराव करावा म्हटलं तर अकरा शाळा तिथेच, प्रत्येकीची पेटी, प्रत्येकीचा तबला. आमचा एक मुखडा झाला तोवर आमचा नंबर पुकारला.

मुखड्यालाच हॉल शांत झाला. मुलींचे आवाज खरंच चांगले आहेत, हे मी त्यांचा मास्तर म्हणून सांगत नाही. परीक्षकांतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं. अंतरा सुरू झाला. पहिली ओळ. दुसरी ओळ. बी मायनर बरोबर वेळेवर पडला, माडीवर पडला होता त्याहून स्वच्छ.

आणि मुली थांबल्या.

आठही जणी एकदम, अर्धी मात्रा. तोंडं मिटून, श्वास धरून माझ्याकडे बघत, माझ्या कॉर्डची वाट बघत. कॉर्ड वाजून गेला होता. मग त्या पुढच्या शब्दावर आल्या तेव्हा मी एक पाऊल पुढे होतो, आणि त्या मला गाठायला धावल्या, आणि मी त्यांच्यासाठी हळू झालो, आणि अख्खी ओळ अशी गेली. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. पंधरा दिवस रोज दुपारी, फोनवर, अर्धी मात्रा उशीर. त्या जागी श्वास घ्यायचा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी शिकवलं होतं. मी माझ्या हातातून जे काढून टाकलं ते त्यांच्या गळ्यात घालून ठेवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या अंतऱ्याला मी ठरवलं, आपण थांबायचं. मुद्दाम अर्धी मात्रा बोट उचलून धरलं. पण उंच मुलीने पहिल्या अंतऱ्यात ऐकलं होतं ना. तिने अंगठा आपटला, बाकीच्यांना डोळ्याने खुणावलं, आणि त्या न थांबता सरळ गेल्या. आणि मी मागे राहिलो.

स्टेजवर बसून मी वाजवत होतो आणि काही करू शकत नव्हतो. वीस वेळा लिहून सुटणारं हे उत्तर नव्हतं.

परीक्षकांनी कौतुकाने सांगितलं, आवाज उत्तम, साथीशी मेळ नाही. आमचा नंबर आला नाही. मोठ्या बाईंनी मुलींना वडापाव घेऊन दिले आणि मलाही एक दिला.

येताना कोणी नाक धरलं नाही. उंबरगावच्या फाट्याशी उंच मुलगी म्हणाली, "सर, तुमी थांबला नाय."

"हो."

"आमी थांबलो तुमच्यासाठी."

"माहीत आहे."

"मंग तुमी थांबलात तवा आमी गेलो."

"चूक माझी होती," मी म्हणालो. "आधी मी उशिरा वाजवायचो. ते चुकीचं होतं. तुम्ही ते बरोबर समजून पाठ केलं."

बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या. "मंग आदी का नाय सांगितलं?" ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारत होती. सांगितलं असतं तर काय झालं असतं हे तिला हिशेबात बसवून बघायचं होतं. मी म्हणालो, "मला वाटलं सराव करून जाईल." मग तलासरीपर्यंत तिने खिडकीबाहेरच बघितलं.

पुढच्या आठवड्यात पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला तेच गाणं ठेवलं होतं. मधल्या दिवसांत मी मुलींना ती जागा सुधारून द्यायचा प्रयत्न केला. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा पुन्हा थांबल्या. डहाणूच्या सरांना फोन केला तर म्हणाले, "त्यांनाही पंधरा दिवस दे." पंधरा दिवस कुठून देऊ? मग मी उलट करून बघितलं, मीच पुन्हा उशिरा वाजवायचं. नाही जमलं. हात आता उशिरा जायला तयारच होत नव्हता.

त्या सकाळी मैदानावर पालक होते, सरपंच होते. मुली रांगेत उभ्या राहिल्या. मोठ्या बाई मागे वळून म्हणाल्या, "सर, गिटार?"

"नको बाई. त्यांना तसंच गाऊ दे."

"रुसलात का?"

"नाही हो."

त्या साथीशिवाय गायल्या. उंच मुलीने अंगठ्याने ठेका धरला, चिखलात. अंतरा आला, दुसरी ओळ आली, आणि त्या थांबल्या. आठही जणी बरोबर एकत्र. कोणाला काही खटकलं नाही, गाणं असंच असेल असं सगळ्यांना वाटलं. मी शिक्षकांच्या रांगेत, हात खिशात घालून उभा होतो. माझं पहिलं बोट आतल्या आत मांडीवर आधीच आडवं पडलं होतं, आणि त्या पुढच्या शब्दावर येईपर्यंत मी ते तसंच दाबून धरलं.